पायांची नव्हे, पासपोर्टची चिंता

दर वेळी तेच! नाशिकच्या सोमेश्वरहून गंगापूर धरणाकडे पहाटे धावताना पायांची काळजी नसते, काळजी असते ती पासपोर्टची. युरोपातल्या अर्धमॅरेथॉनचे, म्हणजे 21.0975 किलोमीटरच्या शर्यतीचे शुल्क कित्येक महिने आधी भरावे लागते आणि ते सहसा परत मिळत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या सामायिक शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही, निर्णय 15 दिवसांत अपेक्षित असला तरी तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळवताना रात्र रात्र जागावे लागते ते वेगळेच. मग कसारा घाट उतरून मुंबई गाठायची आणि खिडकीपलीकडून ऐकायचे, “फक्त पळायला जाताय?” होय, फक्त पळायला! चार महिने घाम गाळला आहे त्यासाठी.

गेल्या खेपेस व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट परत हाती आला तो उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी. लिफाफ्याची चिकटपट्टी सोलताना माझी बोटे थरथरत होती. शर्यतीआधीच्या आठवड्यात शरीराला सर्वाधिक गरज शांत झोपेची असते, आणि नेमका तोच आठवडा मी कुरियरवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून काढला.