सहा वर्षं एकच गेट, आणि रेझ्युमेवर चार नोकऱ्या

रेझ्युमे एका पानात बसवा, सुटसुटीत ठेवा, तुमचा प्रवास मांडा. हे आता कुणी मला पुन्हा ऐकवलं तर माझा तोल जाईल, आधीच सांगते. गेला दीड महिना रोज रात्री जेवणं उरकली की मी आणि माझा धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन बसतोय. त्याचं काम सप्टेंबरात सुटलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सहा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. एवढी साधी गोष्ट, आणि ती आम्हाला कागदावर खरीखुरी लिहिता येत नाहीये.

का, ते ऐका. ऑक्टोबर २०१९ पासून तो एकाच गेटमधून आत गेला. तीच लाइन, तेच शाफ्ट, तोच सुपरवायझर. पण पगार कंपनी देत नव्हती, कंत्राटदार देत होता, आणि सहा वर्षांत असे चार कंत्राटदार झाले. एक गेला की दुसरा यायचा, नवा फॉर्म भरून घ्यायचे, मधे चार दिवसांचा ब्रेक दाखवायचे (त्या चार दिवसांतही हा कामावरच असायचा), की पुन्हा पहिल्यापासून सुरू. गळ्यातल्या कार्डाची पट्टी वेगळ्या रंगाची, कॅन्टीनचं कूपन वेगळं, पगाराच्या स्लिपवर नाव एजन्सीचं. ज्या कंपनीसाठी राबला तिचं नाव असलेला एकही कागद त्याच्याजवळ नाही. एकही.

मग रेझ्युमेत लिहायचं काय? कंपनीचं नाव लिहावं, तर पडताळणीवाले यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा १२ आकडी नंबर मागतात, पीएफची नोंद उघडतात, आणि तिथे ते नाव नसतं. म्हणजे पोरगा खोटारडा. कंत्राटदारांची नावं लिहावीत, तर ती माणसं पुरवणारी ऑफिसं. तिथे शाफ्ट बनत नाहीत, त्यामुळे याने नेमकं केलं काय ते वाचणाऱ्याला कळत नाही. वर चार नावं बघून पहिला प्रश्न तयार: 'तुम्ही दीड-दोन वर्षांच्या वर कुठे टिकत का नाही?' एका बाईंनी फोनवर हे विचारलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. हा नुसता 'नाही मॅडम, तसं नाही' एवढंच म्हणत राहिला. टिकत नाही? अहो, तो टिकला! तिसऱ्या शिफ्टला टिकला, आईच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टिकला, दिवाळीत लाइन चालू होती तेव्हा टिकला. बदलले ते कंत्राटदार.

आणि ती 'गॅप'. पीएफच्या पासबुकात एप्रिल ते जुलै २०२० कोरं आहे. मार्चच्या २५ तारखेला सगळा देश बंद झाला होता, हे माणसं भरती करणाऱ्यांना ठाऊक नाही का? कंत्राटी पोरांना सगळ्यात आधी घरी पाठवलं आणि सगळ्यात शेवटी बोलावलं. तरी प्रत्येक फॉर्ममध्ये लाल अक्षरांत विचारतात, या चार महिन्यांत तुम्ही काय करत होतात. भाजी विकत होता. टेम्पोतून कॉलनी-कॉलनीत कांदे-बटाटे विकत होता. ते 'ट्रान्सफरेबल स्किल', म्हणजे दुसऱ्या कामातही उपयोगी पडणारं कौशल्य म्हणून लिहा, असं मला एका सल्लागाराने शांतपणे सांगितलं. त्या दिवसांत घरात काय परिस्थिती होती, ते या माणसाला कोण सांगणार?

दुसरा सल्ला आकड्यांचा. जबाबदाऱ्या लिहू नका, कामगिरी लिहा, 'रिजेक्शन अमुक टक्क्यांनी कमी केलं' असं लिहा. मी म्हटलं, चल, सांग आकडा. तर म्हणाला, 'ताई, तो आकडा बोर्डावर असायचा गं. माझ्या नावावर नसायचा.' खरंच आहे ना. रोजचं रिजेक्शन पांढऱ्या बोर्डावर लाइनच्या नावाने लिहिलं जायचं. महिन्याच्या मीटिंगला इंजिनिअर जायचे, कंत्राटी माणूस त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. ज्याला आकडा कधी दाखवलाच नाही, त्याने तो आणायचा कुठून? मनाने टाकायचा?

टाकतात. पैसे घेऊन टाकतात, हे आम्ही अनुभवलं. 'एटीएस फ्रेंडली रेझ्युमे, १४९९ रुपये' (एटीएस म्हणजे अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर) अशी जाहिरात बघून याने मला न विचारता पैसे भरले. महिन्याला साडेसतरा हजार हातात पडणाऱ्या माणसाचे १४९९. परत काय आलं? 'रिझल्ट-ओरिएंटेड क्वालिटी प्रोफेशनल', 'स्पिअरहेडेड' हा शब्द तीन ठिकाणी, आणि कौशल्यांच्या यादीत 'सिक्स सिग्मा', म्हणजे उत्पादनातले दोष कमी करायची एक पद्धत. त्याने सिक्स सिग्मा आयुष्यात केलेलं नाही. याने बघितलंच नाही, विश्वासाने पाठवून दिला. इंटरव्ह्यूला समोरच्याने नेमकं तेच विचारलं. 'मला येत नाही सर.' 'मग इथे लिहिलंय काय?' घरी आला, जेवला नाही, गॅलरीत जाऊन बसला. ज्या पोराने सुपरवायझर डोक्यावर उभा असताना खराब लॉट पास करायला नकार दिला होता, त्याच्यावर खोटं लिहिल्याचा ठपका. त्या जाहिरातवाल्यांच्या घरी त्या रात्री सगळे नीट जेवले असतील.

त्यांचा तो नक्षीदार साचाही तसाच. दोन रकाने, डावीकडे निळी पट्टी, कौशल्यांपुढे भरत जाणारे गोळे. मी त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला. तुम्हीही आपला एकदा करून बघा, कारण अर्ज छाननीची बरीच सॉफ्टवेअर साधारण असाच सरळ मजकूर उचलतात. आमच्याकडे ओळ आली: 'मायक्रोमीटर ऑक्टोबर २०१९ मराठी बोअर गेज अंबड'. दोन्ही रकाने एकमेकांत घुसलेले. गोळे गायब, कारण ते चित्र. फोन नंबर हेडरमध्ये होता, तोही आला नाही. म्हणजे महिनाभर अर्ज गेले ते कदाचित असे, नंबराशिवाय. कुणी कळवलं? कुणीही नाही. 'तुमचा अर्ज वाचता आला नाही' एवढं एक वाक्य परत पाठवायला यांना काय जातं?

आता आम्ही साध्या वर्ड फाइलमध्ये एका रकान्यात लिहिलंय. कामाचं ठिकाण म्हणून कारखान्याचं नाव, सहा वर्षं सलग, आणि त्याखाली 'पेरोल' म्हणून चारही एजन्सींची नावं, तारखांसकट. फोटो, वडिलांचं नाव, जात, लग्न, शेवटचं ते 'वरील माहिती खरी आहे' सगळं काढलं. ते काढायलाच हवं होतं, हा नव्या पद्धतीचा एक सल्ला मला मनापासून पटतो. पण फाइल चढवली की पोर्टल म्हणतं, आता हेच सगळं पुन्हा टाइप करा. एका नोकरीला एकच मालक. ठिकाण एक आणि पेरोल दुसरा, असा रकानाच नाही. आमचं नीट लावलेलं सत्य तिथे पुन्हा चार तुकड्यांत फुटतं. आणि खाली वडिलांचं नाव आणि वैवाहिक स्थिती, दोन्ही सक्तीचं!

या देशात कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० साली झाला. म्हणजे असे कामगार असतात हे पन्नासहून जास्त वर्षं सरकारला माहीत आहे, कारखान्यांना तर त्याहून चांगलं माहीत आहे. फक्त रेझ्युमेचे सल्ले देणाऱ्यांना आणि फॉर्म बनवणाऱ्यांना माहीत नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेत तर स्पष्ट लिहिलंय की मागितल्यावर कंत्राटदाराने कामगाराला अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं, केलेल्या कामाच्या तपशिलासह. मी ते वाचून दाखवलं तेव्हा भाऊ म्हणाला, 'ताई, कोणाकडे मागू?' पहिल्याचा फोन बंद. दुसऱ्याच्या ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान. तिसरा म्हणतो, रेकॉर्ड नाही. कंपनी म्हणते, तू आमचा माणूसच नव्हतास.

त्याला समोर बसवा ना कुणीतरी. दहा पीस द्या, एक मायक्रोमीटर द्या. ०.०१ मिलिमीटरचा फरक तो तुम्हाला काढून दाखवेल. नुसतं बोट फिरवून धारेवरची बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक कड, सांगतो तो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी दीड महिना आम्ही शब्द जुळवत बसलोय.

चौथ्या कंत्राटदाराचं ऑफिस निदान जागेवर आहे. सोमवारी या, म्हणाला. गेला. साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या. असे चार सोमवार झाले, प्रत्येक वेळी सिडकोतून रिक्षाने जाऊन-येऊन. काल रात्री एका फॉर्ममध्ये सगळं भरून झालं, शेवटी 'अनुभव प्रमाणपत्र जोडा' आणि पुढे लाल चांदणी. त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.