अभिप्रायाला उत्तर: जुना तुर्की पेशकिर

नमस्कार ताई,

आमच्याकडून घेतलेला पेशकिर, म्हणजे टोकांना भरतकाम असलेला लांब रुमाल, पातळ आहे, पाणी टिपत नाही, मधला भाग कोराच आहे, भरतकामातली जर काळी पडलीये आणि एवढ्या पैशांत सोलापूरचे डझनभर टॉवेल आले असते, असं तुम्ही लिहिलंय. हे इतरही वाचणार, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंग पुसायला सोलापूरचेच टॉवेल घ्यावेत, आमच्याही घरी तेच आहेत. तसले लूपवाले जाड टॉवेल तुर्कस्तानात बुर्साला विणले जात. हेन्री क्रिस्टी या इंग्रजाने त्यांचा नमुना नेला आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनात यंत्रावर विणलेले टॉवेल मांडले गेले. पेशकिर मात्र जेवणाचा. मोठ्या गोल ताटाभोवती, म्हणजे सिनीभोवती, मंडळी खाली बसली की एकच लांब पेशकिर सगळ्यांच्या मांड्यांवरून पसरत. हात पुसायचे मधल्या कोऱ्या कापडाला, म्हणून भरतकाम दोन टोकांनाच. मध्येही भरलं असतं तर खरकट्या हातांनी रेशीम केव्हाच गेलं असतं.

आता एक टोक उलटून बघा. डाळिंबाची फांदी मागूनही तश्शीच दिसेल, गाठ कुठे सापडणार नाही. याला उलटी बाजूच नाही. कापडाचे धागे मोजून टाके घालायचे आणि दोऱ्याचं टोक भरलेल्या भागात जिरवायचं. मुली लग्नात न्यायच्या पेटीसाठी हे भरत. किंमत आहे ती या हाताची, आणि ती मला जास्त वाटत नाही.

भरतकामातली जर चांदीच्या चपट्या तारेची आहे, वर सोन्याचा मुलामा. जुन्या पैठणीची अस्सल जर काळवंडते तशीच तीही काळवंडते. चिंचेचं पाणी लावून पाहिलं, हे तुमचं वाक्य वाचून जीव कळवळला. कृपा करून पुन्हा लावू नका. मुलामा सुटतो, रेशमाचा रंग उतरतो. घडी घालूनही ठेवू नका, घडीवर तार तुटते. पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेलं मलमल गुंडाळा आणि त्यावर पेशकिर सैल गुंडाळून ठेवा.

जुना आणि वापरलेला असल्याचं, डागांच्या फोटोंसकट, विक्रीच्या पानावर पहिल्यापासून दिलेलं आहे. तरी नकोसा वाटत असेल तर परत पाठवा, पूर्ण पैसे देऊ, कुरियरचा खर्चही आमचा. फक्त धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, आहे तसाच पाठवा.