‘थिअरीवाल्यांनी कधी बेडपॅन दिलेलं नसतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ओरेम (पेशंटने स्वतःची काळजी घेणं), किंग (नर्स आणि पेशंटने मिळून ध्येय ठरवणं) आणि रॉय (ताणाशी जुळवून घेणं) या तिघी अमेरिकन नर्सेसच्या नर्सिंग सिद्धांतांवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक स्टाफ नर्स’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं देते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी:

“मॅडम, वाचायला बरं वाटतं. पण आमच्या मेल मेडिकल वॉर्डात रात्री पन्नासच्या वर पेशंट आणि एक सिस्टर. तिथे पेशंटजवळ बसून ध्येय ठरवायला वेळ कुठून आणायचा? हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे पेशंटचं सगळं नातेवाईक करतात, सेल्फ केअर कोण करतो? ताणाशी जुळवून घ्यायचं ते आम्हालाच, डबल ड्युटी करून. आणि खरं सांगू का, हे थिअरीवाले आणि त्यांची पोपटपंची करणारे ट्यूटर, यांनी आयुष्यात कधी बेडपॅन दिलेलं नसतं. ता. क. रॉयची आकृती मोबाईलवर दिसत नाही.”

आधी ताजा कलम. आकृती खरंच बारीक आली होती. आता मोठी करून टाकली आहे. लक्षात आणून दिलंत, आभार.

आता बेडपॅन.

माझ्याशी मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. या लेखमालेवर याआधीही उलट मतं आली आणि मी ती सगळी ठेवली आहेत. पण ‘पोपटपंची’ आणि ‘आयुष्यात कधी’ हे शब्द मतभेदाचे नाहीत. समोरच्याला ओळखत नसताना त्याच्या आयुष्याविषयी निकाल देणं आहे हे. आपण ज्या पेशात आहोत तिथे पेशंटविषयी सुद्धा तपासल्याशिवाय नोंद करायची नाही असं पहिल्या वर्षी शिकवतात. तुम्हालाही कुणीतरी, बहुधा एखाद्या ट्यूटरनेच, ते शिकवलं असेल.

ज्यांच्याविषयी तुम्ही हे लिहिलंत त्या कोण होत्या ते तरी बघा. डोरोथिया ओरेम यांचा जन्म १९१४ चा, बाल्टिमोरचा. वॉशिंग्टनच्या प्रॉव्हिडन्स हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून पदविका घेतली आणि मग त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं, लहान मुलांच्या वॉर्डात केलं, मोठ्यांच्या मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांत केलं, इमर्जन्सीत संध्याकाळच्या पाळीच्या सुपरवायझर होत्या, लोकांच्या घरी जाऊन प्रायव्हेट ड्युट्याही केल्या. प्रायव्हेट ड्युटी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे मावशी नसते, वॉर्डबॉय नसतो. पेशंटचं तोंड धुण्यापासून बेडपॅनपर्यंत सगळं एकट्या नर्सच्या अंगावर.

हे सगळं झाल्यावर १९४९ ते १९५७ या काळात त्या इंडियाना राज्याच्या आरोग्य मंडळात होत्या. तिथल्या रुग्णालयांमधली नर्सिंग सेवा सुधारण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माणसाला डॉक्टरची गरज कधी लागते ते सगळ्यांना सांगता येतं, पण नर्सची गरज नेमकी कधी लागते, हा प्रश्न त्यांना त्या कामात पडला. त्यांचं उत्तर सरळ आहे. माणूस एरवी स्वतःची जी काळजी रोज घेतो, खाणं, पिणं, श्वास, विसर्जन, झोप, लोकांत मिसळणं, धोक्यापासून सांभाळणं, ती घ्यायची त्याची ताकद आजारामुळे गरजेपेक्षा कमी पडली की तिथे नर्स लागते. जेवढी कमी पडते तेवढीच लागते. १९७१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पण विचार त्याच्या कितीतरी आधीचा होता. विसर्जन हा शब्द त्यांच्या पहिल्याच यादीत आहे, म्हणजे तुमचं बेडपॅन त्यांच्या सिद्धांताच्या पायातच आहे.

इमोजीन किंग १९४५ मध्ये सेंट लुईसला पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्यांनीही स्टाफ नर्स म्हणून काम केलं, शाळेतली नर्स म्हणून केलं, प्रायव्हेट ड्युटी केली आणि मग शिकवायला लागल्या. सिस्टर कॅलिस्टा रॉय तर दोन्ही अर्थांनी सिस्टर, नन आणि नर्स. लहान मुलांच्या वॉर्डात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या आजारातूनही मुलं बदललेल्या परिस्थितीशी आश्चर्य वाटेल इतक्या लवकर जुळवून घेतात. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नर्सिंगच्या प्राध्यापक डोरोथी जॉन्सन यांच्याकडे शिकताना त्यांनी ते मांडायला घेतलं आणि १९७० मध्ये त्यावरचा पहिला लेख छापला. या तिघींपैकी कुणीही वॉर्ड न बघता लिहिलेलं नाही. तुम्हाला त्यांचे सिद्धांत पटत नसतील तर जरूर खोडा. पण त्यांनी हात घाण केले नाहीत असं म्हणू नका, कारण ते खोटं आहे.

राहिले मी. माझ्याविषयी लिहायची मला सवय नाही, पण तुम्ही विषय काढलात. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केलं एका जिल्ह्याच्या ठिकाणी. पहिल्या वर्षाच्या मुलींच्या वाट्याला त्या काळी जे यायचं ते सगळं माझ्या वाट्याला आलं: सकाळी सहाला स्पंजिंग, युरिनल आणि बेडपॅन देणं, धुणं, लायसॉलमध्ये बुडवून ठेवणं, टीबीच्या खाटांखालचे थुंकीचे मग रिकामे करणं. मावशी रजेवर गेली की लादीसुद्धा. नंतर कितीतरी वर्षं सर्जिकल वॉर्डात रात्रपाळ्या. ट्यूटर झाले ती त्यानंतर. आणि ट्यूटर झाल्यावर हात धुऊन वर्गात जाऊन बसले असंही नाही. मुलींची क्लिनिकल पोस्टिंग असते तेव्हा त्यांच्याबरोबर वॉर्डात ट्यूटरच उभी असते. मुलीला जुलाब झालेल्या म्हातारीला हात लावायची किळस आली, तर आधी कोण पुढे होतं? तुमच्या ट्यूटर पुढे झाल्या नसतील तर त्यांच्याविषयी लिहा, सगळ्यांविषयी नको.

या सिद्धांतांचा वॉर्डात काय उपयोग, हे मला पुस्तकातून पटलेलं नाही. एका पेशंटने पटवलं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय सांगत नाही.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशन होऊन पोटावर डाव्या बाजूला खाली शौचाची वाट काढली होती, स्टोमा, आणि त्यावर पिशवी. गृहस्थ भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ऑपरेशननंतर त्यांनी त्या जागेकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पिशवी बदलायला गेलं की मान भिंतीकडे. सगळं बायको करायची, नाकाला पदर लावून. जखम भरत होती, ताप नव्हता, जेवण सुरू झालं होतं, राउंडला केस पेपरवर ‘ठीक’ लिहिलं जात होतं. आणि आमच्या केअर प्लॅनवर लिहिलेलं होतं: ‘रुग्ण डिस्चार्जआधी पिशवी स्वतः बदलेल.’ ध्येय चांगलं होतं, पण ते आमचं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

किंग यांचं म्हणणं असं की नर्स आणि पेशंट समोरासमोर येतात तेव्हा दोघंही आपापली समजूत बरोबर घेऊन येतात. दोघांनी ती एकमेकांना सांगितली, अडचण नेमकी कुठे आहे ते ठरवलं, मिळून एक ध्येय धरलं आणि तिथे कसं पोचायचं यावर एकमत केलं, तरच ते गाठलं जातं. मी ड्रेसिंग करत होते. हात चालू असतानाच विचारलं, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करावंसं वाटतं? बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “एकादशीला मंडळात बसता येईल का हो, सिस्टर? वास आला तर माणसं उठून जातील.”

तिथून सगळं बदललं. आता बोलायला विषय होता. मांडी घालून बसल्यावर पिशवी कुठे येते, पखवाज पुढ्यात घेतल्यावर तिथे दाब येतो का, ते खाटेवरच उशी मांडीवर ठेवून बघितलं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, मंडळात निघायच्या आधी तर नक्कीच. आदल्या दिवशी कोबी, पावटे, कच्चा कांदा नको. पिशवीचं भोक स्टोमाच्या मापाचं कापलं तर गळत नाही आणि भोवतीची कातडी सोलत नाही. ही माहिती त्यांना आधीही दिलेली होती, पण ती भिंतीकडे तोंड करून ऐकलेली होती. पुढच्या ड्रेसिंगला कात्री त्यांनी मागून घेतली.

रॉय यांच्या भाषेत सांगायचं तर समोरचा ताण म्हणजे स्टोमा. भोवतालचा ताण म्हणजे बायकोचा पदर, शेजारच्या खाटेवरची कुजबुज आणि पिशव्यांचा खर्च. आणि आत कुठेतरी असलेला, न बोललेला ताण म्हणजे देवाच्या कामात हे चालेल का, ही शंका. रॉय सांगतात की माणूस जुळवून घेतो ते चार ठिकाणी बघा: शरीर, स्वतःविषयीची भावना, घरात-समाजात त्याची भूमिका आणि जवळच्यांशी असलेलं देणंघेणं. आम्ही सगळे फक्त पहिल्या ठिकाणी बघत होतो आणि तिथे सगळं ठीक होतं. बाकी तीन ठिकाणी तो माणूस ढासळला होता. ओरेम यांच्या हिशेबाने तोवर बायको आणि नर्स त्यांचं सगळं करत होत्या. त्यानंतर अर्धं ते, अर्धं आम्ही. डिस्चार्जच्या वेळी आमचं काम फक्त सांगायचं आणि धीर द्यायचं उरलं होतं. याला जास्तीचा वेळ लागला नाही. ड्रेसिंगला जेवढा लागायचा तेवढाच लागला. तुम्हालाही ड्रेसिंग करावंच लागतं ना?

नातेवाईक सगळं करतात, हे तुमचं दुसरं म्हणणं. ओरेम यांनी दुसऱ्यासाठी घेतलेल्या काळजीचा विचार केलाच नाही असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांच्या सिद्धांतात आई मुलाची, मुलगा बापाची काळजी घेतो ती तितकीच महत्त्वाची मानली आहे आणि ती घेणाऱ्याला शिकवणं हे नर्सचं काम सांगितलं आहे. आपल्याकडे याची गरज जास्तच आहे. अर्धांगवायूचा पेशंट आठवा. उजवी बाजू गेली, डावा हात चांगला चालतो, पण मुलगा प्रेमाने घास भरवतो, तोही पेशंट आडवा असताना. घास श्वासनलिकेत जायचा धोका, आणि चांगला हातही बसून राहतो. त्या मुलाला नर्सने सांगायला हवं: आधी टेकवून बसवा, चमचा डाव्या हातात द्या, तुम्ही फक्त ताट धरा. हे सांगायला नातेवाईक किती करतात आणि पेशंटने किती करायला हवं याचा अंदाज लागतो, आणि तोच ओरेम देतात.

पन्नासला एक सिस्टर ही परिस्थिती वाईट आहे, त्यात वाद नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक नर्स हवी. ते होत नाही हा शासनाला विचारायचा प्रश्न आहे, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. डबल ड्युटीचंही तेच. तुमचा थकवा मी समजू शकते, पण थकवा आला म्हणून दुसऱ्याच्या कामाला पोपटपंची म्हणायचा परवाना मिळत नाही.

अमेरिकेतलं आहे म्हणून नको, हा मुद्दा मी खरं तर उत्तर देण्याजोगा मानत नाही. तुमच्या ट्रॉलीवरचं बीपीचं यंत्र कुठून आलं असा प्रश्न तुम्ही रात्री दोन वाजता विचारत नाही.

पुढचा लेख बेटी न्यूमन यांच्यावर आहे: माणसाभोवतीच्या संरक्षणाच्या कड्या, ताण त्या कशा भेदतो आणि नर्सने कुठल्या टप्प्यावर मध्ये पडायचं. त्या ओहायोतल्या शेतकरी घरातल्या, युद्धकाळात नर्सिंग शिकलेल्या आणि पुढे लॉस एंजेलिसला स्टाफ नर्स व हेड नर्स म्हणून काम केलेल्या. तो वाचा आणि जे पटणार नाही ते लिहा. तुमची आजची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण त्यातलं बेडपॅनचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला वाटतं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या काही जणी पाठीच्या दुखण्याने निवृत्त झाल्या, पेशंट उचलून उचलून. त्या हा ब्लॉग वाचतात, आणि त्यांनी ते वाक्य वाचलं आहे.