पट्टा अडकतो म्हणजे तो शाबूत आहे असं नाही

सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे: ‘सीटबेल्ट गाडीइतकाच टिकतो. झटका दिल्यावर अडकतोय, बकल लागतंय, तर बदलायला सांगणारा गॅरेजवाला लुटतोय. एअरबॅग उघडली नसेल तर अपघातानंतरही तोच चालतो. कड उसवलीच तर शिवून घ्या.’

मोटारींच्या पट्ट्यांवर बदलायची तारीख सहसा छापलेली नसते, एवढं खरं. बाकीचं जिवावर बेतणारं आहे.

सगळ्यात घातक मुद्दा अपघाताचा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकली आणि पट्ट्याने ७० किलोच्या माणसाला अर्ध्या मीटरात थांबवलं, तर पट्ट्यावर सरासरी सुमारे १,४०० किलो वजनाइतका जोर येतो. त्या ओढीने पॉलिएस्टरचे धागे ताणले जातात. अनेक गाड्यांत रिट्रॅक्टरमधला (पट्टा गुंडाळून घेणाऱ्या यंत्रणेतला) टॉर्शन बार, म्हणजे धातूची दांडी, छातीवरचा दाब कमी करण्यासाठी मुद्दाम पिळला जातो, तर प्रीटेन्शनरमधली छोटी स्फोटक कांडी पट्टा क्षणात आवळते. दोन्ही एकदाच वापरायचे भाग आहेत. प्रीटेन्शनर एअरबॅग न उघडताही उडू शकतो, त्यामुळे एअरबॅगवरून पट्ट्याचा निवाडा करता येत नाही. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये अपघाताच्या वेळी लावलेले पट्टे बदलायला किंवा निदान जाणकाराकडून तपासायला सांगितलेलं असतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावाच. खांद्याजवळच्या कडीवर घासल्याच्या खुणा, पट्ट्यावर वितळल्यासारखी चकाकी, नेहमीपेक्षा खाली ओढलं गेलेलं बकल, डॅशबोर्डवर पेटून राहिलेला एअरबॅगचा दिवा: यातलं काहीही दिसलं तर आधी तपासणी, मग सौदा.

हाताने झटका देण्याची चाचणी करावीच, पण ती अपुरी आहे. रिट्रॅक्टर सहसा दोन कारणांनी अडकतो: पट्टा वेगाने ओढला गेला तर, किंवा गाडीचा वेग एकदम घटला अथवा ती कलली तर. हाताच्या झटक्याने फक्त पहिली यंत्रणा तपासली जाते. पिळलेल्या टॉर्शन बारविषयी तर त्यातून काहीच कळत नाही.

शिवून घेण्याबद्दल स्पष्टच सांगतो: नका शिवू. कारखान्यातली शिवण ठरावीक धाग्याने, ठरावीक नक्षीत घातलेली असते, आणि कड कापली गेली की ताण आल्यावर फाट तिथूनच पुढे सरकते. अख्खा संच बदला, तोही त्याच मॉडेलचा. प्रीटेन्शनर असेल तर हे काम घरी करू नका.

मळलेला किंवा आळसावलेला पट्टा मात्र बदलायलाच हवा असं नाही. पुष्कळदा खांद्याजवळच्या कडीवर साचलेला चिकट मळच त्याला अडवतो. सौम्य साबण आणि कोमट पाण्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्या. ब्लीच आणि रंग धाग्यांना कमकुवत करतात. बकलमध्ये तेल सोडू नका, त्यावर धूळ बसते.