दाणे आपण सांडायचे आणि विष उंदराला घालायचं?

सोसायटीच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच विषय निघाला. "पक्ष्यांना दाणे घालणं बंद करा, नाहीतर उंदरांचं औषध टाका." मला यातलं एकही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं घर तळमजल्यावर, मागे छोटी बाग. जास्वंदीच्या फांदीला बर्ड फीडर टांगलेला. चिमण्या, होले, मुनिया रोज येतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मागचा दिवा लावला तर फीडरवर उंदीर. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून उलटा लोंबकळत होता, पुढच्या पंजांत बाजरीचा दाणा धरून खात होता. खाली सांडलेल्या कण्यांवर एक भली मोठी घूस. कुंपणाशी बिळाच्या तोंडावर ताज्या मातीचा ढीग.

भीती मलाही वाटली. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप पसरतो, आणि पावसाळ्यात चिखलात अनवाणी खेळणारी पोरं आपलीच असतात. पण तेव्हा कोणीतरी विषाचा केक ठेवला आणि पाचव्या दिवशी भर दुपारी एक उंदीर अंगणात झिंगल्यासारखा चालताना दिसला. त्याला उचलून न्यायला मांजरालाही कष्ट पडले नसते.

त्या केकमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. त्याने रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, तोही लगेच नाही, काही दिवसांनी. तोवर तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि विष त्याच्या यकृतात साठलेलं असतं. त्याला खाणाऱ्या मांजराच्या, घुबडाच्या पोटात तेच जातं. आपल्या पाण्याच्या टाकीवर रात्री बसणारं गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवरच जगतं. फुकटात उंदीर कमी करणाऱ्यालाच आपण मारायला निघालोय. चिकटपट्टीबद्दल तर बोलवत नाही. जिवंत जीव तासन् तास धडपडत राहतो, आणि कधी कधी त्यात चिमणीही अडकते.

उंदीर येतात ते रात्रीच्या जेवणाला. ते ताट मी उचललं. सकाळी एकच मूठ बाजरी घालते, दुपारपर्यंत संपेल एवढीच. मिश्र दाणे आणणं बंद केलं, कारण चिमण्या नको ते दाणे चोचीने भिरकावतात आणि निम्मं जमिनीवर जातं. फीडरखाली मोठं ताट ठेवलंय. दिवेलागणीच्या आधी फीडर, ताट दोन्ही घरात. जास्वंदीवरून काढून फीडर गुळगुळीत लोखंडी पाइपवर बसवला, भिंतीपासून आणि फांद्यांपासून लांब, पाइपच्या मध्यावर पत्र्याचं उलटं नरसाळं. दाण्यांची गोणी होती, तिच्या जागी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आला. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, मग पुसा.

पहिला आठवडा उंदीर येतच राहिले, धीर सुटत होता. तिसऱ्या आठवड्यात बिळाच्या तोंडावरची माती सुकली, आता तिथे कोळ्याचं जाळं आहे. चिमण्या मात्र एकही दिवस चुकल्या नाहीत.

पण सोसायटीच्या कचऱ्याचे डबे रात्रभर उघडे राहिले तर माझ्या एकटीच्या बागेने काय होणार? त्या डब्यांना झाकणं बसवा, एवढी कमिटीला कळकळीची विनंती. आणि ज्यांच्याकडे फीडर आहे त्यांनी सांगा, पाइप आणि नरसाळं बसवायला मी रविवारी सकाळी येते.