नंबर नसलेले ड्रॉइंग

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारी आमची कंपनी इतकी लहान आहे की डिझाइनच्या खोलीतून मारलेली हाक थेट शॉपमध्ये, म्हणजे यंत्रे चालतात त्या भागात, ऐकू जाते, आणि आमच्या ड्रॉइंगमधल्या बहुतेक उणिवा आजवर त्या हाकेनेच भरून निघाल्या आहेत. एखादे माप लिहायचे राहिले असेल, तर टर्नरकाका लेथ बंद करून विचारत, "भाऊ, ही कॉलर केवढी ठेवू?" मी खिडकीतून "बारा" म्हणत असे आणि ते बारा काकांच्या डोक्यात कायमचे जाऊन बसत. कागदावर मात्र ते कधीच येत नसत. जिथे बेअरिंग बसवायचे तिथे आम्ही "टू सूट बेअरिंग" एवढेच लिहीत असू आणि पुढचे सगळे काकांच्या अंगठ्यावर सोपवत असू.

अडचण एवढीच की ही हाक अमेरिकेपर्यंत पोहोचत नाही. तिथल्या एका गिऱ्हाइकाचे ब्रॅकेटचे ड्रॉइंग आले, तेव्हा आम्ही ते आपल्याकडच्या फर्स्ट अँगलच्या सवयीने वाचले. फर्स्ट अँगलमध्ये वस्तूचे डावीकडून दिसणारे रूप उजव्या बाजूला काढतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, आणि त्यात ते डाव्याच बाजूला येते. कोणती पद्धत वापरली आहे हे सांगण्यासाठी कोपऱ्यात टोक कापलेल्या शंकूचे इवलेसे चित्र असते, पण आमच्या शॉपमध्ये ते त्या कंपनीचे बोधचिन्ह असावे असा सर्वांचा समज झाला. परिणामी मापांना अचूक आणि फिनिशला देखणे असे ब्रॅकेट तयार झाले, पण ते सगळेच्या सगळे डाव्या पायाच्या चपला होते. गिऱ्हाइकाने ते परत केले. भंगारवाल्याने मात्र ते कोणत्याही अँगलने स्वीकारण्याची तयारी दाखवली.

त्याच आठवड्यात मालकांनी जाहीर केले की यापुढे कंपनीतले प्रत्येक ड्रॉइंग मानकांप्रमाणेच निघेल. मालकांच्या खोलीत त्यांच्या आजोबांनी कलाभवन या तंत्रशाळेत शिकत असताना शाईने काढलेले एका कपलिंगचे ड्रॉइंग काचेच्या चौकटीत लावलेले आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन सुरू केले तेव्हापासून मानके बडोद्याच्या रक्तातच आहेत, असे मालक त्या चौकटीकडे बोट दाखवून सांगतात. आणि त्या कागदावर प्रमाण, धातू, तारीख आणि सही हे सगळे जागच्या जागी असल्यामुळे त्यांना उलट उत्तर देता येत नाही. मालक स्वतः मात्र नव्या भागाची कल्पना सुचली की ती हाताशी असलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने काढतात आणि माप इंच-सुतात लिहितात. "मानकं पाळा, पण काम थांबता कामा नये," अशी मोघम आज्ञा देऊन त्यांनी हे सगळे प्रकरण माझ्या टेबलावर ठेवले.

मी भारतीय मानक ब्यूरोचे ड्रॉइंगच्या पद्धतीवरचे एसपी 46 आणले, आयएस 2102 आणले, आणि पहिल्याच दिवशी मला कळले की मानकांचे खरे शत्रू आळशी लोक नसून कसबी लोक असतात. आयएस 2102 हे ज्या मापांसमोर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, लिहिलेला नसतो त्यांच्यासाठी आहे. ड्रॉइंगच्या चौकटीत एका ओळीत टॉलरन्सचा "मध्यम" हा वर्ग लिहिला की 6 ते 30 मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे 0.2, पुढे 120 पर्यंत 0.3 आणि 400 पर्यंत 0.5 एवढी सूट आपोआप लागू होते. हे ऐकून काका आनंदतील असे मला वाटले होते, कारण ज्या बाहेरच्या कडेला कशाचाही स्पर्श होत नाही तीसुद्धा ते आजवर पाच शतांश मिलिमीटरच्या आत आणून देत आणि त्यात निम्मा दिवस घालवत. काकांनी हातातला मायक्रोमीटर हळूच पेटीत ठेवला. "म्हणजे आता वाईट काम करायला तुम्ही लेखी परवानगी देताय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते माझ्याबरोबर चहाला आले नाहीत.

त्यांची समजूत घालायला मी भोकाच्या मापासाठी लिहितात त्या 25 एच 7 या खुणेचा आधार घेतला. जिथे खरोखर गरज आहे तिथे मानक किती कडक असते हे त्यातून दिसते: भोक 25 मिलिमीटरपेक्षा कणभरही लहान चालत नाही आणि मोठे झालेच तर 21 मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे मिलिमीटरच्या 21 सहस्रांशांपर्यंत. काकांनी ते ऐकून घेतले, एक बुश उचलला, त्यात शाफ्ट घालून दोनदा फिरवला आणि म्हणाले, "हा एच 7 आहे." मी गेज लावून पाहिले. तो होता.

फिनिशच्या बाबतीत प्रकरण जरा जास्त ताणले गेले. जुन्या ड्रॉइंगवर एक त्रिकोण म्हणजे ओबडधोबड, दोन म्हणजे बरे, तीन म्हणजे गुळगुळीत अशी सर्वांना कळणारी भाषा होती, आणि तपासणीचे अधिकृत साधन म्हणजे अंगठ्याचे नख. त्याऐवजी मी आरए 1.6 असे, पृष्ठभागाचा खडबडीतपणा मायक्रॉनमध्ये सांगणारे आकडे लिहू लागलो, तेव्हा ग्राइंडरवाल्याने शांतपणे प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने त्याला वाटतील तेवढे त्रिकोण काढून घेतले. खरे तर शॉपमधली पेन्सिल हा एक स्वतंत्र मानक ब्यूरोच आहे. मी रीतसर नवे रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, काढून जुनी प्रत परत मागत असे, पण लेथच्या मागे खिळ्याला टांगलेल्या, कूलंटने पिवळ्या पडलेल्या आणि कोपऱ्यात तेलाचे बोट उमटलेल्या त्याच कागदावर काम चालू असे, कारण "खरं माप तिथं लिहिलंय."

रिव्हिजनच्या अक्षरांनी मालकही बेचैन झाले. आय आणि ओ ही अक्षरे एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून वगळायची रीत आहे. एका फ्लँजचे ड्रॉइंग एचवरून एकदम जेवर गेलेले पाहून त्यांनी मला बोलावले आणि दार लावून घेऊन विचारले, "मधलं आय कुणी दाबून ठेवलंय?" मी कारण सांगितले. ते त्यांना पटले नसावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच काकांनाही विचारल्याचे माझ्या कानावर आले.

काका कसे वळले ते मला अजून नीट उमगलेले नाही. माझा अंदाज असा की एका शाफ्टवरून गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरशी वाजले, तेव्हा काकांनी ड्रॉइंगची चौकट त्याच्यापुढे धरली, 80 च्या मापाला 0.3 ची सूट आहे हे बोटाने दाखवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा केवळ एका छापील ओळीच्या जोरावर वाद जिंकला. कागद आपल्या बाजूनेही बोलतो हे कळल्यावर त्यांनी तो इतका मनावर घेतला की आता माझीच पंचाईत झाली आहे. शंकूचे चिन्ह नाही म्हणून ते ड्रॉइंग परत पाठवतात, "मंजूर" या रकान्यात सही नाही म्हणून परत पाठवतात, आणि मी खिडकीतून "बारा" असे ओरडलो तर ऐकू येत नसल्यासारखे करतात.

परवा मालक स्वतः शॉपमध्ये गेले आणि त्यांनी पंपाच्या ग्लँडच्या, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती रोखणाऱ्या भागाच्या, दट्ट्याचे चित्र काढलेली लग्नपत्रिका काकांच्या हातात दिली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "साहेब, याला नंबर नाही, रिव्हिजन नाही, आणि दोन सूत म्हणजे किती मिलिमीटर धरायचे ते लिहिलेलं नाही," असे अत्यंत आदराने म्हणून त्यांनी ती परत केली. मालक ती घेऊन माझ्याकडे आले आणि काही न बोलता टेबलावर ठेवून उभे राहिले. मी रजिस्टर उघडले, पुढचा नंबर टाकला, रिव्हिजनमध्ये ए लिहिले, आणि कागदाच्या आकाराच्या रकान्यात ए 3, ए 4 यांपैकी काहीच बसेना तेव्हा तिथे "पत्रिका, वधूपक्ष" असे लिहून मालकांची सही घेतली.