कुत्र्याला दमवू नका, हुंगू द्या

"रोज तासभर पळवतो, तरी घरी आला की सोफा फाडतो." कुत्रा पाळणाऱ्यांची ही कायमची तक्रार. माझं मत थोडं टोचेल, पण यात बरेचदा पळवण्याचाच हात असतो. रोज पळणाऱ्या कुत्र्याचा दमसास वाढत जातो आणि काही आठवड्यांत तो तास त्याला पुरेनासा होतो. नाकाला मात्र दिवसभर काही कामच नसतं. चेंडूचंही तसंच. लागोपाठ चाळीसदा फेकलेल्या चेंडूनं कुत्रा शांत होत नाही, उलट जास्त चेकाळतो. शिवाय प्रत्येक वेळी गर्रकन थांबून वळताना सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच.

सुरुवात वाडग्यापासून करा. वाडग्यातलं खाणं दोन मिनिटांत संपतं. तेच त्याला शोधून खावं लागलं तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. यासाठी जादा खाऊ लागत नाही, रोजच्या मापातलीच एक मूठ बाजूला काढायची. वरचा खाऊ दिलाच तर तो दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे जुना टॉवेल. तो जमिनीवर पसरायचा, वर मूठभर कोरडं खाणं टाकायचं आणि एकच सैल घडी घालायची. हे जमलं की गुंडाळी करा, आणि गुंडाळीही उलगडता आली की तिला सैल गाठ मारा. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी गाठीपर्यंत पोचतात, मग कुत्रा दोनदा पंजा मारून निघून जातो आणि "आमच्याला असलं काही आवडत नाही" असा निकाल लागतो. त्यात कुत्र्याचा काही दोष नाही. पहिला घास त्याला काही सेकंदांत मिळायलाच हवा. भुंकणं, टॉवेल दातांनी फाडणं किंवा तोंड फिरवणं दिसलं की एक पायरी मागे या. टॉवेलचे तुकडे गिळणाऱ्या कुत्र्याला मात्र हा खेळ देऊच नका. दोऱ्यांचा गुंता आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशनची वेळ येते.

आत खाणं भरता येईल असं पोकळ रबरी खेळणं घेताना त्याला दोन्ही बाजूंनी भोकं आहेत ना, ते बघा. एकच भोक असलं तर चाटताना आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. भरताना तळाशी भिजवून मऊ केलेलं खाणं दाबून बसवा आणि तोंडापाशी कोरडं, सैल ठेवा, म्हणजे सुरुवातीला पटकन काहीतरी हाती लागेल. सराव झाल्यावर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून द्या. पीनट बटर लावणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा देणारा पदार्थ) असेल तर तो डबा कुत्र्याजवळ फिरकूही देऊ नका, थोड्या प्रमाणातही ते विष आहे. मनुका आणि द्राक्षंही नकोत.

आता माझा सगळ्यात आवडता खेळ: खोक्यांतली शोधाशोध. पुठ्ठ्याचे पाच-सहा खोके घ्या. पिना आणि चिकटपट्ट्या काढून टाका. खोके उघडेच ठेवून, कुत्र्याच्या समोर एकात खाऊ टाका आणि "शोध" म्हणून सोडा. खाऊ सापडला की त्याच खोक्यात आणखी दोन तुकडे टाकायचे, म्हणजे सापडलेली जागा फायद्याची ठरते. मग त्याला दुसऱ्या खोलीत थांबवून खाऊ लपवा. पुढची पायरी खोक्यांबाहेरची: आधी त्याच्या नाकाच्या उंचीवर, नंतर खुर्चीखाली, दाराआड. खाऊ ठेवून दहा मिनिटं थांबलात तर वास पसरायला वेळ मिळतो. पंखा मात्र बंद ठेवा. नवख्या कुत्र्याला वाऱ्यानं विखुरलेला वास भलत्याच कोपऱ्यात नेतो आणि आपण उगाच त्याला मठ्ठ ठरवतो. बोट दाखवून मदत करू नका, नाहीतर तो नाक सोडून तुमच्या हाताकडे बघायला शिकेल. दहा मिनिटांत खेळ थांबवायचा, त्याला अजून हवा असतानाच. आणि हा खेळ पळून आल्याआल्या नको. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.

हुंगण्यानं मनःस्थितीत फरक पडतो, याला थोडाफार आधारही आहे. 2019 साली शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधकांनी पाळीव कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे वास शोधण्याचा सराव दिला, तर दुसऱ्या गटाला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर, भरलेला की रिकामा याचा अंदाज येणार नाही अशा जागी ठेवलेल्या वाडग्याकडे वासवाला गट पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागला, म्हणजे आत खाऊ असेल अशी आशा त्याला जास्त वाटू लागली. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. अभ्यास लहान आहे, पण फिरायला गेल्यावर प्रत्येक खांबापाशी पट्टा खेचणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. रोजच्या फेरीतला निदान एक भाग तीनेक मीटरच्या सैल पट्ट्यावर, हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून, कुत्र्याच्या वेगानं होऊ द्या. अंतर निम्मं झालं तरी चालेल.

चघळायला जे द्याल ते नखानं दाबून बघा. नखाची खूण उमटत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार कडक आहे, मागची मोठी दाढ तडकते ती अशानंच. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात.

लेझर लाइटच्या मात्र मी साफ विरोधात आहे. पाठलाग करून तोंडात कधीच काही येत नाही, आणि काही कुत्र्यांना मग सावल्या, कवडसे यांच्यामागे लागण्याचा नादच जडतो. पाठलागच हवा असेल तर काठीला दोरी आणि दोरीला कापडी खेळणं बांधा. ते जमिनीलगत फिरवा, उड्या मारायला लावू नका आणि मधूनमधून त्याला पकडू द्या. वाढत्या वयाच्या पिल्लासाठी हेही अगदी बेतानं.

घरात दोन कुत्रे असतील तर खाण्याचे खेळ वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. एरवी गुण्यागोविंदानं राहणारेही भरलेल्या खेळण्यावरून एकमेकांवर गुरगुरतात. रिकामी खेळणी उचलल्याशिवाय दार उघडू नका. आणि हे सगळं एकाच दिवशी करायला जाऊ नका. मोठा कुत्रासुद्धा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो. खेळ संपल्यावर तो आडवा झाला तर प्रमाण बरोबर आहे. घरभर येरझाऱ्या घालत राहिला तर उद्याचा खेळ आणखी सोपा आणि छोटा ठेवा.